अठरा हजारांचं रीळ घेऊ का?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, पतसंस्थेत नोकरी. घरी बायको, पाच वर्षांची मुलगी आणि वडील. गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद लागलाय. महिन्यातले दोनेक रविवार, कधी भाट्याच्या खाडीवर, कधी जयगडच्या जेटीवर. पहिलं रीळ, म्हणजे काठीला लावायचं, गळाची दोरी (तंगूस) गुंडाळणारं यंत्र, ऑनलाइन मागवलं, ११०० रुपयांचं, खोक्यावर ‘१२+१ बेअरिंग’ लिहिलेलं. सहा महिन्यांत ते कुरकुरायला लागलं आणि मग अडकलंच. दुसरं १४०० चं. गेल्या डिसेंबरात पहाटे जेटीवर मोठा मासा लागला आणि ऐन वेळी या रिळाची दांडी उलटी फिरली. तंगूस ढिला पडला, माशाने खांबाला वेढा घातला आणि तोडून गेला. मुंबईहून येणाऱ्या मित्राकडे नावाजलेल्या कंपनीचं १८ हजारांचं रीळ आहे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपलं रीळ पिशवीत लपवावंसं वाटतं. तसंच रीळ बारा हप्त्यांवर, महिना दीड हजाराने मिळतंय. बायको म्हणते, एवढ्यात वर्षाची मासळी बाजारातून येईल. वडील म्हणतात, आम्ही हातात तंगूस धरून तांबोश्या काढल्या. पत्राच्या शेवटी वाचक लिहितात: “मी काळजी घेत नाही असं नाही. दर वेळी घरी आलो की नळ जोरात सोडून रीळ धुतो आणि आत खोबरेल सोडतो. मग दोष स्वस्त मालाचाच ना? नावाचे पैसे द्यावेत की नाही, एवढंच सांगा.”

तुमच्या पत्रात किमती आहेत, हप्ते आहेत, मित्र आहे. मी मात्र शेवटाकडच्या एका शब्दावर अडकलो. खोबरेल.

आपल्याकडे खोबरेल कशाला चालत नाही? केसांना, दाराच्या बिजागरीला, आजीच्या गुडघ्याला, शिवणयंत्राला. त्यामुळे रिळातही ते जाणारच, त्यात तुमची चूक म्हणावी असं काही नाही. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं. डिसेंबरातली पहाट, जेटीवरचा वारा, पारा विसाच्या आसपास. घरी न्हाणीतली बाटली त्या वेळी पांढरी झालेली असते. मग रिळातलं तेल पातळ राहील कसं?

आणि ते थिजतं कुठे, ते ऐका. दांडी उलटी फिरू नये म्हणून रिळात एक छोटा भाग असतो, त्याला रोलर क्लच म्हणतात. अंगठीएवढं कडं, त्यात तांदळाच्या दाण्यासारख्या पाच-सहा लोखंडी कांड्या आणि त्यांना रेटणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा. दांडी पुढे फिरवली की कांड्या मोकळ्या राहतात. माशाने ओढ दिली की त्या आतल्या उतारावर सरकून पाचरीसारख्या बसतात आणि सगळं जागच्या जागी धरलं जातं. पाचर बसायची तर जागा जवळजवळ कोरडी हवी. तिथे घट्ट तेल किंवा ग्रीस साचलं की पाचर निसटते, आणि दांडी उलटी फिरून तुमच्या बोटांवर आपटते. तुमच्या पत्रातलं वर्णन अगदी हेच आहे.

म्हणजे त्या पहाटे मासा गेला त्यात १४०० रुपयांच्या मालाचा वाटा असेल, पण खोबरेलाचाही आहे असा माझा दाट संशय. मित्राच्या १८ हजारांच्या रिळातला क्लचही याच तत्त्वावर चालतो. त्यात तेच तेल तेवढंच ओतलं तर तोही दगा देऊ शकतो.

दुसरी गोष्ट नळाची. जोराच्या धारेने वरचं मीठ जातं खरं, पण खारं पाणी फटींतून आतही ढकललं जातं. आत गेलेलं मीठ बाहेर यायला वाट नसते. ते तिथेच बसतं, दमट हवा पितं आणि धातू खातं. पहिलं रीळ सहा महिन्यांत कुरकुरलं ते बहुधा यानेच.

आता याचा अर्थ स्वस्त रीळ निर्दोष असा नाही. माझ्या भाच्याचं असंच एक बंद पडलेलं रीळ मी गेल्या वर्षी पडवीत वर्तमानपत्र पसरून उघडलं होतं. बाजूचे चार स्क्रू, त्यातल्या एकाचं डोकं गंजून गोल झालेलं. झाकण निघालं तर आत ग्रीस नावालाही नव्हतं, कारखान्यातूनच बोटभर लावलेलं असावं, तेही एका कोपऱ्यात. मोठं दातेरी चाक जस्ताच्या ओतीव धातूचं होतं. त्याचे दात जुन्या फणीसारखे एका बाजूने खाल्लेले, आणि त्या खाल्लेल्या धातूची राखाडी पूड सगळीकडे पसरलेली. बेअरिंग म्हणून जे लिहिलं होतं त्यातली काही नुसती प्लॅस्टिकची कडी निघाली. उरलेली गंजून तांबडी झालेली, बोटाने ढकलली तरी फिरेनात.

‘१२+१’ मधला तो ‘+१’ म्हणजे हाच आपला रोलर क्लच, आणि बारा म्हणजे छर्ऱ्यांची बेअरिंग. बारा लिहायला काही लागत नाही. खाऱ्या पाण्यात बारा साध्या बेअरिंगपेक्षा चार चांगली, झाकलेली बेअरिंग बरी. खोक्यावरचा हा आकडा बघून रीळ घेणं म्हणजे बटणं मोजून सदरा घेण्यातला प्रकार. ड्रॅगचंही तेच. ड्रॅग म्हणजे मासा किती जोराने ओढल्यावर तंगूस सुटू द्यायचा, हे ठरवणारा रिळातला ब्रेक. स्वस्त रिळांवर हमखास १२ किलो, १५ किलो असं छापलेलं असतं. तुमचा तंगूस २० पौंडी असेल तर तो नऊ किलोंच्या ओढीला तुटतो. ड्रॅग ठेवायचा त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. मग पंधराचं करायचं काय?

खरा प्रश्न असा की त्या अडीच किलोंवर ड्रॅग कसा सुटतो. हे घरी बघता येतं. मासळीवालीकडे असतो तसा लटकता काटा घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तंगुसाचं टोक त्याच्या आकड्याला बांधा, रीळ कुणाला तरी धरायला सांगा आणि सरळ ओढा. चांगल्या रिळात काटा अडीचवर चढतो आणि तंगूस सुटत असताना तिथेच किंचित थरथरत राहतो. वाईट रिळात तो आधी चारपर्यंत जातो, मग झटक्याने दीडवर पडतो, पुन्हा चढतो. तंगूस तुटतो तो या झटक्यांत. आत नमद्याच्या चकत्या आहेत की कार्बनच्या, त्या कोरड्या पडल्यात की ग्रीस लावलेल्या, यावर हे बरंचसं ठरतं. कित्येक रिळांत या चकत्या बदलता येतात आणि त्याचा खर्च एका बांगड्याच्या वाट्याएवढा. मित्राचं रीळ आणि तुमचं रीळ एकदा या काट्याला लावून बघा. १८ हजारांतले किती पैसे कामाचे, ते डोळ्यांना दिसेल.

आता नावाविषयी. तुम्ही विचारलंय, नावाचे पैसे द्यावेत का. यात गृहीत असं धरलंय की नाव म्हणजे एक वस्तू. तसं ते नाही. शिमानो ही जपानमधल्या साकाई शहरात १९२१ साली सायकलची फ्रीव्हील बनवायला सुरू झालेली कंपनी. मासेमारीचं सामान त्यांनी १९७० मध्ये हातात घेतलं. दातेरी चाकं कापायचा हात आधीपासूनच बसलेला होता. स्वीडनच्या अबूचं मूळ त्याहून गमतीचं: हे लोक आधी टॅक्सीचे मीटर बनवायचे. अमेरिकेची पेन १९३२ पासून रिळं करते. तर यांना चाकाचे दात कसे कापायचे हे नक्की कळतं. पण हीच मंडळी दीड-दोन हजारांची रिळंही विकतात आणि दुचाकीच्या किमतीचीही. खालच्या पायरीच्या रिळाचं अंग प्लॅस्टिकसारख्या ग्रॅफाइटचं असतं, ड्रॅगला नमद्याच्या चकत्या असतात, बेअरिंग दोन-तीन. नाव मोठं म्हणून ते खाऱ्या पाण्याचं होत नाही. उलट कमी नावाजलेल्या कंपनीचं पाच हजारांचं धातूच्या अंगाचं रीळ त्याच्यापेक्षा कितीतरी दणकट असू शकतं.

माझा अनुभव असा की हजारापासून पाच-सहा हजारांपर्यंत प्रत्येक हजाराला काहीतरी हाताला लागतं: बरं चाक, ताठ अंग, कार्बनचा ड्रॅग, न गंजणारे स्क्रू. तिथून पुढे मिळतं ते हलकेपण, लोण्यासारखं फिरणं आणि पाण्यापासून जास्तीचा आडोसा. या गोष्टी खोट्या नाहीत. दिवसभर फेक-ओढ करणाऱ्याच्या मनगटाला शंभर ग्रॅमसुद्धा संध्याकाळी कळतात. पण त्या महिन्यात दोन रविवार जेटीवर आमिष लावून बसणाऱ्याच्या वाट्याला फारशा येत नाहीत.

नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात मात्र एक गोष्ट असते आणि ती मी पैसे देऊन घेतो. घडी घातलेला एक कागद. त्यावर रिळाचा प्रत्येक भाग सुटा करून काढलेला असतो आणि प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. बेलची, म्हणजे तंगूस अडवून गुंडाळायला लावणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग तुटली तर त्या नंबराने ती मागवता येते. बिननावाच्या रिळाची दीड रुपयाची स्प्रिंग गेली की अख्खं रीळ गेलं. आपल्या बाजूला रिळं दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुरिअरने मुंबईला पाठवायचं आणि महिनाभर वाट बघायची. म्हणून आपल्याला आपल्यापुरतं उघडता येईल आणि ज्याचे भाग मिळतील असं रीळ हवं. पण तुम्ही ते कधी उघडणारच नसाल, तर तो कागद तुमच्यासाठी रद्दी आहे. हे स्वतःला विचारून बघा. उत्तर ‘नाही’ असेल तरी लाजायचं कारण नाही, फक्त हिशेब बदलतो.

हिशेबच करू या. तुमची दोन रिळं मिळून अडीच हजार, आणि पत्रावरून ती चौदा महिन्यांत संपली. म्हणजे वर्षाला २१०० च्या वर. १८ हजारांचं रीळ त्याच भावात पडायचं तर आठ वर्षांहून जास्त चाललं पाहिजे. नळाची धार आणि खोबरेल चालू ठेवून ते आठ वर्षं जाईल असं मला वाटत नाही. साडेपाच हजारांचं, मधल्या पायरीचं रीळ नीट राखलं तर चार वर्षं सहज जावं. वर्षाला १४०० च्या आत, वर तेल-ग्रीसचे दोन-तीनशे. म्हणजे स्वस्त तुम्हाला महाग पडलं हे खरं, पण त्यावरून महाग स्वस्त पडेल असं निघत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. मीही एकदा पैसे साठवून, तेव्हाच्या माझ्या पगाराला न झेपणारं रीळ घेतलं होतं. पहिला हंगाम त्याला बाळासारखं जपलं. मे अखेरीस वाघोटण खाडीवर शेवटचं गरवून आलो, घाईत ओल्याच फडक्याने पुसलं आणि धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवलं. जून, जुलै, सगळा आषाढ आणि अर्धा श्रावण. नारळी पौर्णिमेनंतर पिशवी सोडली तर आत दवाचे थेंब. दांडी फिरेना. तंगूस ज्याच्यावरून वळतो तो बारीक रोलर जाम झाला होता आणि तसाच दोनदा वापरल्यामुळे तंगुसाने त्याच्यावर करवतीसारखी खाच पाडली. माझं जुनं, बाजारातलं साधं रीळ स्वयंपाकघराच्या खिळ्याला, चुलीच्या उबेत लटकत राहिलं होतं. ते फिरलं. काका तेव्हा शेजारी बसून जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “मासो आमीस बघता, रीळ बघना नाय.” मला तेव्हा राग आला होता.

काकाचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं, हेही सांगतो. हाताने गरवताना रिळाचं काम तोच करत होता. आणि तुमचे वडील म्हणतात ती हातातल्या तंगुसाची गोष्ट तुम्ही टोमणा म्हणून ऐकलीत असं पत्रावरून वाटतं. एकदा त्यांचा उजवा तळहात नीट बघा. पहिल्या बोटाच्या पेऱ्यावर आडव्या रेघा असतील, तंगुसाने कापलेल्या. तांबोशी खडपात (कातळाच्या कपारीत) घुसायला निघाली की किती तंगूस सोडायचा, कुठे आवळायचा, हे ते बोटांनी ठरवत होते. तो त्यांचा ड्रॅग. तुमच्या रिळाच्या डोक्यावरचं बटण किती आवळायचं हे त्यांना विचारा. तंगुसाचं टोक त्यांच्या हातात द्या, तुम्ही काठी धरा आणि त्यांना माशासारखं ओढू द्या. ते सांगतील, अजून सैल कर. बहुतेक नवे लोक ड्रॅग फार घट्ट ठेवतात.

आणि ‘आमच्या वेळी ब्रँड नव्हते’ असं ते म्हणाले, तर त्यांच्या जुन्या डब्यात गळ कुठले आहेत ते बघा. आमच्या आजोबांच्या पुडीत मस्टॅडचे होते. ती नॉर्वेची कंपनी, १८७७ पासून गळ बनवणारी. रिळावर रुपया खर्च न करणारा माणूस गळ मात्र परदेशी, नावाजलेला घेत होता, कारण मासा आणि माणूस यांच्यात जे वाकून चालणार नाही ते त्याला ठाऊक होतं.

त्यावरून तुमच्या डिसेंबरातल्या माशाकडे पुन्हा येतो. दांडी उलटी फिरली, पण तंगूस तुटला तो खांबाला घासून. जेटीचे खांब म्हणजे कालवांनी भरलेली कानस. २० पौंडी तंगूस त्याला दोन सेकंद टिकत नाही, मग तो सोन्याच्या रिळावर गुंडाळलेला का असेना. गळाच्या मागे एक-दीड वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप) ४० किंवा ५० पौंडी जाड तंगूस लावलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी जेटीवर बसायचं तर हा जाड तुकडा, ताजी बांधलेली गाठ आणि धारदार गळ या तीन गोष्टींवर रिळाआधी पैसे जावेत. तिन्ही मिळून पाचशेच्या आत. गाठ आवळताना थुंकीने ओली करा, कोरडी गाठ आवळली की तंगूस तापून तिथेच कमजोर होतो. आपण ‘रिळामुळे गेला’ म्हणतो त्यातले बरेच मासे गाठीमुळे गेलेले असतात. तुटलेलं टोक बघायची सवय लावून घ्या: खरखरीत असेल तर घासलं, डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली.

बायकोच्या वाक्याला मासळीच्या भावाने उत्तर द्यायला जाऊ नका. हिशेबात त्या जिंकतील. गरवून आणलेला मासा किलोमागे कधीच स्वस्त पडत नाही, हे आपल्याला माहीत आहे आणि त्यांनाही. मला वाटतं त्यांचा आक्षेप माशाला नाही, बारा महिने चालणाऱ्या हप्त्याला आहे, आणि कदाचित त्या रविवारांनाही. तुमच्या पत्रात मुलगी एकदाच येते, वयापुरती. भाट्याच्या पुलाखाली ओहोटीला एक हातगरी (काठीशिवाय हातात धरायचा गळ-तंगूस) आणि कोळंबीचे चार तुकडे घेऊन तिला बसवा. शेंगाळा लागला तर गळ तुम्ही सोडवा, त्याचा काटा वाईट. पण नुसती ओढ हाताला लागू दे. हे रिळाच्या प्रश्नाचं उत्तर नाही, मला मान्य आहे. सुचलं म्हणून लिहिलं.

पिशवीत लपवावंसं वाटतं, या वाक्याबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण १८ हजारांतले बरेचसे रुपये तिकडे चालले आहेत. मित्र वर्षातून चार-पाचदा येतो. त्याला त्याच्या मोजक्या सुट्ट्यांत सगळं चोख हवं, आणि मुंबईच्या पगारात ते त्याला परवडतं. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही: भरतीचा पहिला तास जयगडला कुठल्या कोपऱ्यात लागतो, उधाणात कुठे ओढ फार असते, भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत खाडी कशी मंद होते, हे तुम्ही हवं तेव्हा जाऊन बघू शकता. पुढच्या खेपेला त्याला सांगा, तास-दोन तास रिळं बदलून बसू. खोटं वाटेल, पण त्याच्या रिळावर हात बसला की अर्धी ओढ तिथेच ओसरते. आणि नाहीच ओसरली, तर निदान तुम्हाला नक्की काय हवंय ते कळेल: ते रीळ, की त्याच्यासारखं दिसणं.

तर काय घ्यावं. हप्त्यावर काही घेऊ नका. तीन-चार महिने दीड हजार बाजूला टाका, हप्ता भरणारच होता तो. मग साडेपाच-सहा हजारांत धातूच्या अंगाचं, कार्बन ड्रॅगचं, ४००० किंवा ५००० नंबरचं रीळ बघा. नंबरांचं माप कंपनीगणिक थोडं बदलतं, तेव्हा स्पूलवर, म्हणजे तंगुसाच्या चकरीवर, तुमचा तंगूस किती मीटर बसतो ते वाचा. दीडशे-दोनशे मीटर पुरे. गती ५.२:१ च्या आसपास ठेवा, म्हणजे दांडी एकदा फिरवली की रोटर (चकरीभोवती फिरून तंगूस गुंडाळणारा भाग) पाचांहून थोडा जास्त फिरतो. आमिषाने गरवायला हे बरं, जड मासा ओढताना ताकद मिळते. शक्य असेल तर रत्नागिरी, गोवा, मुंबई कुठेही, दुकानात जाऊन हातात घ्या. दांडी हळू, अगदी हळू फिरवा. वेगाने सगळीच रिळं गुळगुळीत लागतात. रोटर धरून दांडी मागे-पुढे हलवा, खुटखुट जितकी कमी तितकं बरं. बेल दहादा उघडून मिटा. तंगुसाचा रोलर बोटाने फिरतो का बघा. आणि दुकानदाराला विचारा, याची बेलची स्प्रिंग मिळेल का. तो हसला तर दुसरं दुकान बघा. ऑनलाइन एखादं नामांकित रीळ निम्म्या किमतीत दिसलं तर ते नकली असण्याचीच शक्यता जास्त.

बाकी वाचकांसाठी, थोडक्यात. जे धरणावर, नदीत गरवतात त्यांना हजार-बाराशेचं रीळ वर्षानुवर्षं जातं. गोड्या पाण्यात शत्रूच नाही. जो नुकताच सुरू करतोय, खाडीत बोय, काळुंदर, लहान शेंगाळ्यांसाठी, त्याने एक हंगाम हातगरीवर काढावा किंवा स्वस्त रीळ घेऊन ते मोडेपर्यंत शिकावं. १८ हजार आणि त्यापुढचं रीळ त्यांनी घ्यावं जे होडीतून सुरमईमागे जातात, जिग (धातूचं जड खोटं आमिष) मारतात, महिन्यात आठ-दहा दिवस पाण्यावर असतात. कातळावर लाटा अंगावर घेत उभं राहणाऱ्यांना बंद बांधणीचं रीळ खरंच उपयोगी. त्यावर आयपीएक्स ५ असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पाण्याच्या धारेपासून बचाव. पाण्यात बुडवून ठेवायला तो परवाना नाही. आणि कातळावर जाणाऱ्यांनो, रिळाआधी तळ पकडणारे बूट घ्या. हवाई चपला घालून शेवाळावर उभे राहिलेले लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

रीळ कुठलंही असो, घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांत पाणी जात नाही. मग तांब्याने हळू पाणी ओता किंवा ओल्या फडक्याने पुसा, आणि सुक्याने पुन्हा. सावलीत उघडं ठेवा. सुकलं की ड्रॅग सैल सोडा, नाहीतर चकत्या दबून राहतात. रोलरवर आणि दांडीच्या मुठीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. आतल्या चाकाला वर्षातून एकदा, मेअखेरीस, होडीच्या इंजिनाला लावतात ते पाण्यात न विरघळणारं ग्रीस. कुठल्याही जेटीवर कुणाकडे तरी डबा असतोच, चमचाभर मागून घ्या. गंज सोडवायचा फवारा हे वंगण नव्हे, तो असलेलं ग्रीस धुऊन नेतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, सुती कापडात, घराच्या सर्वांत कोरड्या भिंतीला.

आणि नवं घेण्याआधी ते १४०० चं रीळ फेकू नका. येत्या रविवारी ते उघडा. प्रत्येक झाकण काढलं की मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे परत बसवताना भांडण नको. रोटर काढल्यावर वरच रोलर क्लच दिसेल. तो सुटा सुटा करू नका, अख्खाच्या अख्खा बाहेर घ्या, स्पिरिटमध्ये दोनदा खंगाळा, सुकू द्या, आणि पातळ तेल काडीच्या टोकावर मावेल एवढंच लावा. माझा अंदाज बरोबर असेल तर आतून पांढुरका चिकट थर निघेल आणि दांडी पुन्हा धरायला लागेल. मग ते मुलीच्या काठीला लावता येईल. फक्त हा उद्योग मोरीवर बसून करू नका. त्या स्प्रिंगा उडतात, आणि मोरीच्या जाळीतून गेलेली स्प्रिंग मी आजवर एकदाही परत मिळवलेली नाही.